कुत्रं आपलं, शेळी शेजारणीची

दिवाळी होऊन आठच दिवस झाले होते. सकाळची साडेआठची वेळ. यांचा डबा भरून झाला होता, शेवटची पोळी तव्यावर होती आणि बाहेरून हाक आली, "अहो वहिनी, तुमचं कुत्रं बघा आधी!" तशीच पिठाच्या हातांनी धावले. फाटक सताड उघडं. कोपऱ्यावरच्या मोकळ्या प्लॉटवर मावशींच्या शेळ्या चरत होत्या, आणि आमचा खंड्या, सात महिन्यांचं ते दांडगट ध्यान, त्यातल्या एकीच्या मागे सुसाट सुटला होता. शेळी बिचारी दोनदा पडली, मग कुंपणाच्या तारेत अडकली. मी ओरडत मागे धावते आहे, पोरं ओरडताहेत, आणि खंड्याला वाटतंय की सगळी आळीच खेळायला आली!

खंड्याने चावा घेतला नव्हता. नुसतं पळवलं होतं. "चला, थोडक्यात निभावलं," असं म्हणून मी घरी आले. पण शेळी साडेतीन महिन्यांची गाभण होती. तिसऱ्या दिवशी ती गाभडली. पोटात दोन करडं होती.

मावशी चार घरची धुणीभांडी करतात. मुलीच्या कॉलेजची फी त्यांनी त्या करडांवर धरली होती. आम्ही पैसे घेऊन गेलो, त्यांनी ते घेतले, भांडण केलं नाही. एवढंच म्हणाल्या, "वहिनी, कुत्र्याला काय कळतंय! पण त्याला बांधायचं तुम्हाला कळाया पाहिजे होतं." दुसऱ्या दिवसापासून पहाटे दाराशी येणारं शेळीचं दूध बंद झालं.

आळीतल्या एकाने तर यांना तोंडावर सांगितलं, पुन्हा दिसलं तर भाकरीतून काहीतरी घालीन. हे म्हणाले, "लांब कुठंतरी सोडून येऊ त्याला." आणि ज्यांनी कुत्रं घरात आणायलाच विरोध केला होता, त्या आमच्या सासूबाई म्हणाल्या, "सोडाल, म्हणजे ते दुसऱ्या कुणाच्या शेळ्यांमागे लागेल. आपलं लचांड दुसऱ्याच्या दारात!"

मैत्रिणींनो, तेव्हापासून सहा-सात महिने आम्ही या एका गोष्टीमागे आहोत. गावाकडेला नवी घरं झाली, आवारं आली, राखणीला कुत्रं आलं. पण शेळ्या, कोंबड्या, गाईवासरं तिथे आपल्या आधीपासून आहेत. म्हणून वाटलं, जे कळलं ते सांगावं.

आधी माझाच गुन्हा. खंड्या तीन महिन्यांचा असताना आमचा धाकटा आणि त्याचे मित्र त्याला कोंबड्यांवर "छू" करायचे. ते एवढंसं पिल्लू धडपडत धावायचं, कोंबड्या फडफडत डालग्यावर चढायच्या आणि आम्ही ओट्यावर बसून हसायचो. मीही हसले आहे. पिल्लाला आम्ही शिकवणीच दिली म्हणा ना! चार महिन्यांनी त्याने शिकलेलं दाखवलं, तेव्हा मात्र ते वांड ठरलं.

ते भूक म्हणून धावत नाही

"त्याला पोटभर घालत नसाल," असं मला तिघींनी तरी ऐकवलं. भूक हे कारणच नव्हे. पोट भरलेलं कुत्रंही धावतं. नुसतं टक लावून बघणं, दबा धरणं, धावणं, पकडणं, मारणं, खाणं ही शिकारीची साखळी. अमेरिकेतले रेमंड आणि लॉर्ना कॉपिंजर हे जोडपं कुत्र्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास करत होतं. २००१ साली आलेल्या आपल्या पुस्तकात त्यांनी ही साखळी नीट मांडली आहे. माणसाने जातीजातीत त्यातली एखादी कडी वाढवली, एखादी बोथट केली. मेंढ्या वळवणाऱ्या विलायती कुत्र्यात टक लावणं आणि दबा धरणं फार. आपल्याकडचं कारवानी कुत्रं सशामागे पळण्यासाठीच पिढ्यान् पिढ्या राखलेलं, त्याला हलतं काही दिसलं की पाय राहवत नाहीत. ज्यांच्या आजूबाजूला शेळ्या-मेंढ्या आहेत त्यांनी नुसती उंची आणि ऐट पाहून पिल्लू आणू नये, हे माझं स्पष्ट मत.

आणि यातली खरी मेख अशी, की धावणं हेच कुत्र्याचं बक्षीस आहे. हाती काही लागो न लागो, पळण्यातच त्याला सगळं मिळतं. म्हणून "आपोआप सुटेल" असं होत नाही. दहा वेळा बांधून ठेवलं आणि अकराव्या वेळी सुटून मनसोक्त धावलं, की ती अकरावी वेळच लक्षात राहते.

मग धनगरांची कुत्री मेंढ्यांच्या मागे कशी लागत नाहीत? आमच्या सातारा जिल्ह्यातल्या फलटण, खटाव, माण या कोरड्या भागांतून दिवाळीनंतर मेंढरांचे कळप कोकणाकडे उतरतात आणि पावसाळ्याआधी परततात. त्यांच्याबरोबर चालणारी कुत्री पिल्लू असल्यापासून मेंढरांतच वाढतात. स्कॉट आणि फुलर या दोघांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवून दिलं, की साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू ज्यांच्यात राहतं ते त्याचे 'आपले' होतात. तेव्हा पिल्लू दोन-अडीच महिन्यांचं असेल तर वेळ दवडू नका. कडेवर घेऊन शेळ्यांचा गोठा दाखवा, कोंबड्यांजवळ शांत बसवा. मात्र लशी पुऱ्या व्हायच्या असतात, तेव्हा जमिनीवर कुठेही सोडू नका. आमचे ते आठवडे हसण्यात गेले. म्हणून आम्हाला लांबचा रस्ता धरावा लागला.

लोढणं, मिरची आणि मार

सल्ल्यांना तोटा नव्हता. एक म्हणाले, ओढाळ गुराला बांधतात तसं गळ्यात लोढणं बांधा. दुसरीने सांगितलं, मेलेली कोंबडी गळ्यात अडकवा, घाणीने विटेल. नाकाला मिरची लावा म्हणणारेही भेटले. आणि 'चांगला बडवून काढा' हे तर सगळ्यांचंच. जनावराला असं छळणं १९६० च्या कायद्याने गुन्हा आहेच. पण कायदा बाजूला ठेवला तरी त्याने काम होत नाही. लोढणं गुडघ्यांवर आपटून पाय दुखावतात, आणि काढलं की कुत्रं पुन्हा मोकळं. मेलेल्या कोंबडीचा आणि जिवंत कोंबडीमागे धावण्याचा संबंध आपल्याला कळतो, त्याला नाही.

माराचं तर मी स्वतःच पाहिलं. त्या सकाळी खंड्या धापा टाकत परत आला तेव्हा यांनी त्याला छडीने दोन लगावल्या. त्याने काय शिकलं? शेळीमागे धावू नये हे नाही. घरी परत येऊ नये हे! पुढे आठवडाभर हाक मारली की तो चार हात लांबच उभा राहायचा. शिवाय शेळी दिसली की मार बसतो असं त्याच्या डोक्यात बसलं, तर शेळीचा रागच धरायचा.

डॉक्टरांना मी विचारलं होतं, नसबंदी केल्याने जाईल का? नसबंदी जरूर करा, पण त्याने ही खोड जात नाही, असं त्यांनी सांगितलं.

कासरा, खाऊ आणि पन्नास पावलं

पहिला महिना आम्ही काहीच शिकवलं नाही, फक्त त्याला संधी मिळू दिली नाही. फाटकाला खालून जाळी मारली, कडीला साखळी आणि तिच्यावर चिठ्ठी, 'आधी कडी'. दूधवाला, पेपरवाला, धाकट्याचे मित्र, सगळ्यांना बजावलं.

घरातला गोंधळ निस्तरणं त्याहून अवघड गेलं. सासूबाई "हाड" म्हणायच्या, हे "नो", धाकटा "ए, ए!" आणि मी नुसतीच किंचाळायचे. कुत्र्याने ऐकावं तरी कुणाचं? शेवटी दोन शब्द ठरवले. "सोड" म्हणजे तिकडचा नाद सोडून माझ्याकडे बघ. "ये" म्हणजे ये, आणि आल्यावर नेहमी चांगलंच काहीतरी मिळणार. "ये" म्हणून कधी रागवायचं नाही, आंघोळीलाही न्यायचं नाही. हे आधी घरात शिकवलं. मुठीत चपातीचा तुकडा धरायचा. तो मूठ चाटेल, उकरेल, कंटाळून तोंड वर करून माझ्याकडे बघेल. बघितलं रे बघितलं की दुसऱ्या हातातला खाऊ द्यायचा. पंधरा दिवसांत "सोड" म्हटलं की मान वळू लागली.

मग बाहेर. बाजारातून बैलाचा सुती कासरा आणला, वीस-पंचवीस हातांचा. तो गळपट्ट्याला बांधायचा नाही. पळत्या कुत्र्याला हिसका बसला तर गळ्याला इजा होते. छातीवरून येणारा पट्टा घ्या, कासरा त्याला. आणि हाताभोवती गुंडाळू नका हो! मी एकदा गुंडाळला, बोटांची सालटी निघाली.

शेळ्यांपासून किती लांब उभं राहायचं, हीच सगळ्या शिकवणीची किल्ली. शेळी दिसली पाहिजे, पण तिच्यापेक्षा तुमच्या हातातलं उकडलेलं अंडं मोलाचं वाटलं पाहिजे. खंड्यासाठी ते अंतर पन्नास पावलं निघालं. चाळीसवर तो अंडं तोंडातून थुंकून द्यायचा. तुमचा खाऊ नाकारला की समजा, फार जवळ आलात. न बोलता मागे फिरा.

पकडायचा क्षण धावण्याचा नव्हे, त्याच्या आधीचा. कान उभे राहतात, धापणारं तोंड मिटतं, अंग ताठ होतं, नजर खिळते. दोन-तीन सेकंदांचाच मामला. तेवढ्यात "सोड" म्हणा, वळला की तुकडा द्या. एकदा सुटला की मग हाक त्याच्या कानात शिरत नाही. रोज दहा मिनिटं पुरेत. जास्त केलंत तर दोघंही वैतागता.

बांधलेली शेळी सोपी, चरणारी त्याहून अवघड, आणि उड्या मारणारी करडं सगळ्यांत कठीण. पन्नास पावलांची तीस व्हायला आम्हाला महिना लागला. मध्येच एक दिवस करडू टुणकन उडालं आणि सगळं शून्यावर आलं! पुन्हा पन्नासवर गेलो. चिडून उपयोग नसतो.

धावायची हौस मात्र मारून टाकू नका, ती वळवा. काठीला दोरी आणि दोरीच्या टोकाला जुन्या सतरंजीचा गोळा बांधून धाकटा त्याला सकाळी वीस मिनिटं पळवतो. 'छू'चं प्रायश्चित्त म्हणून ते काम त्याच्याकडेच दिलं आहे. आणि दोन कुत्री एकत्र असतील तर शिकवणी वेगवेगळी द्या. एकट्याला जे सुचत नाही ते जोडीने हमखास सुचतं.

चुकून सुटलंच तर मागे धावू नका, मी केलं तसं. त्याला वाटतं आपणही सामील झालो. उलट्या दिशेला पळत हाक मारा. पुष्कळदा तेच कुत्रं तुमच्या मागे येतं. शेळीला दात लागला असेल तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा. रेबीज शेळीलाही होतो. कुत्र्याची पहिली रेबीजची लस तीन महिन्यांची झाली की, आणि पुढे डॉक्टर सांगतील तेव्हा न चुकता. चावा नसला तरी गाभण शेळी पळाली असेल तर मालकिणीला लपवून ठेवू नका. मी 'निभावलं' म्हणून घरी बसले, ते दोन दिवस मला अजून टोचतात.

एक मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवं. ज्या कुत्र्याने एकदा जनावर मारलं, त्याच्यावर दोरीशिवाय विश्वास टाकू नये, शिकवणी कितीही झालेली असो. त्याला जन्मभर कासरा. त्यात कमीपणा कसला?

परवा मे महिन्यात धनगरांचे कळप परत निघाले. आमच्या फाटकासमोरून दोन-अडीचशे मेंढरं धुरळा उडवत चालली होती. खंड्या आतल्या बाजूला, कासरा माझ्या हातात. त्याचे कान उभे राहिले, तोंड मिटलं. मी "सोड" म्हणायला तोंड उघडलं, तोवर त्याने मान वळवून माझ्या हाताकडे बघितलं, अंडं आहे का म्हणून! अंडं नव्हतं. धावत आत जाऊन सासूबाईंच्या ताटातली पोळी आणली.

समोरच्या ओट्यावर मावशी भांडी घासायची राख चाळत बसल्या होत्या. दूध अजून सुरू झालेलं नाही, आणि मीही विचारलेलं नाही. कळप गेल्यावर त्या म्हणाल्या, "वहिनी, आज कासरा ढिला दिसतोय."

"ढिला आहे," मी म्हटलं, "पण हातात आहे."

"असू द्या हातातच," त्या म्हणाल्या, "माझी शेळी पुन्हा गाभण हाय."