'आंबले', 'आंबून आले' आणि 'आंबून गेले'

भाजलेल्या जवापासून होणाऱ्या काळसर बिअरला इंग्लंड-आयर्लंडात स्टाउट म्हणतात. ती घरी करणाऱ्यापुढे एक प्रश्न हटकून उभा राहतो : किण्वन संपले, हे ओळखावे कशावरून? प्रश्न वरकरणी रसायनशास्त्राचा आहे. परंतु तो मराठीत मांडू गेल्यास प्रथम क्रियापदाशीच अडखळावे लागते.

या व्यापाराचे आपले रूढ क्रियापद 'आंबणे' होय. त्याच्या मुळाशी संस्कृत 'अम्ल' असल्यामुळे आंबटपणा शब्दातच गृहीत आहे. वऱ्हाडात महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला होणाऱ्या ज्वारीच्या आंबिलीला हे शोभते. मद्याला शोभत नाही. तेथे साखरेपासून मद्यार्क आणि कर्बवायू व्हावयाचे असतात, आंबटपणा हा बहुधा दोषच. परिभाषेने 'किण्वन' स्वीकारले ते म्हणूनच उचित झाले. शिवाय तो शब्द उपरा नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या प्रकरणी 'किण्व' आहेच.

तथापि 'आंबणे'जवळ एक सोय आहे, जी 'किण्वन'जवळ नाही. 'पीठ आंबले' म्हणजे घटना घडली, इतकेच. 'आंबून आले' म्हणजे हवी ती अवस्था गाठली. 'आंबून गेले' म्हणजे ती ओलांडली. 'येणे' आणि 'जाणे' ही गतिवाचक क्रियापदे येथे एका बिंदूच्या संदर्भात वापरली जातात, आणि त्या बिंदूवर बोलणारा, बहुधा बोलणारी, उभी असते. 'किण्वन झाले' या वाक्यात असा बिंदूच नाही.

हा बिंदू कोठे धरावा, हे मात्र पुढे काय करावयाचे त्यावर ठरते. मेळघाटात चैत्राच्या सुमारास गळणारी मोहाची फुले वाळवून पाण्यात घातली की होतो तो 'सडवा'. 'सडणे' नाशवाचक आहे. 'सडविणे' या प्रयोजक रूपात हेतू शिरतो, आणि 'सडवा' या नामात नाशाची छटा जवळजवळ उरत नाही. सडवा पुढे गाळावयाचा (वऱ्हाडी उच्चारात 'गायनं') असतो. विनापरवाना गाळणे हा गुन्हा आहे, हे सांगून ठेवणे बरे. लवकर गाळला तर साखर मद्यार्क न होताच भांड्यात राहते. फार उशीर केला तर मद्यार्काचा शिरका होऊ लागतो. नुकसान दोन्हींकडे आहे, पण ते उत्पन्नाचे.

स्टाउट बाटलीत बंद करावयाची असते. साखर शिल्लक असताना बूच बसले तर आत वायू साठत राहतो आणि बाटली फुटते. येथे 'आंबून आले' हे अकाली उच्चारणाऱ्याच्या हाताला काच लागते. एखादा आठवडा उशिराने सहसा काही बिघडत नाही.

मग खूण कोणती? फेस बसणे आणि बुडबुडे थांबणे या सर्वांना ठाऊक असलेल्या खुणा. आसवारिष्टे करणारे वैद्य भांड्याला कान लावतात. तोंडाशी जळती काडी धरतात. ती विझली तर कर्बवायू अजून निघत आहे. परंतु बुडबुडे नुसत्या उन्हानेही येतात, कारण तापलेला द्रव विरघळलेला वायू सोडतो. म्हणून घनतामापकाचा आधार घ्यावा लागतो. आरंभी 1.050 असलेली घनता 1.012 च्या आसपास उतरली आणि दोन-तीन दिवस तेथेच राहिली, तर बहुधा काम झाले. भाजलेल्या जवातील काही शर्करा किण्वाला पचत नाहीत, त्यामुळे स्टाउटचा आकडा फिक्या बिअरपेक्षा अनेकदा थोडा वरच थांबतो.

'थांबतो' हा शब्द जपून वापरला आहे. गारठ्याने किण्व निजले तरी आकडा स्थिर राहतो. ते 'थांबले' असते, 'संपले' नसते. अशा वेळी भांडे थोडे उबेत ठेवून पुन्हा मोजावे. अकोल्याच्या वैशाखात ही अडचण संभवत नाही. तेथे उष्णतेने किण्व मरण्याचीच धास्ती अधिक. चरकसंहितेत तयार अरिष्टाला 'जातरस' म्हटले आहे. त्या समासात थांबण्याचा उल्लेख नाही, रस उत्पन्न होण्याचा आहे. अर्थाने तो 'आंबून आले'च्या शेजारी बसतो.