कृष्णाकाठचा शेजार : निवाडा आणि संवाद

सातारा आणि सांगली हे आज दोन जिल्हे म्हणून ओळखले जात असले, तरी त्यांचा शेजार हा एकाच घराच्या वाटणीतून निर्माण झालेला शेजार आहे. १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्याचे उत्तर सातारा व दक्षिण सातारा असे दोन भाग करण्यात आले. सांगली, मिरज, जत, औंध इत्यादी विलीन संस्थानांचा विखुरलेला मुलूख त्यांत सामावून घेण्यात आला, आणि १९६० साली दक्षिण साताऱ्यास सांगली हे नाव मिळाले. त्याआधी १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विजापूर व बेळगाव हे जिल्हे म्हैसूर राज्यात गेले होते. अशा रीतीने एका दशकाच्या अवधीत कृष्णेच्या प्रवाहावर एक जिल्ह्याची व एक राज्याची अशा दोन सीमा आडव्या आल्या. वरचा शेजारी, मधला शेजारी आणि खालचा शेजारी असे नाते त्यामुळे उत्पन्न झाले. सांगलीची अडचण अशी की, ती एकाच वेळी साताऱ्याची खालची आणि कर्नाटकाची वरची शेजारीण आहे.

या शेजाऱ्यांतील तंटा मुख्यत्वे पाण्याचा होय, आणि तो मिटविण्याचे जे साधन राज्यघटनेने व कायद्याने दिले ते लवादाचे. १९५६ च्या आंतरराज्य जलविवाद कायद्यातील एक तरतूद येथे विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. वाटाघाटींनी तंटा मिटण्यासारखा नाही, असे केंद्र सरकारचे मत झाल्यावरच लवाद नेमावयाचा असतो. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने संवाद हा पहिला मार्ग आहे व निवाडा हा दुसरा. कृष्णेच्या बाबतीत मात्र दुसराच मार्ग राजमार्ग ठरला. १९६९ साली नेमलेल्या बच्छावत लवादाचा अंतिम निर्णय १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार महाराष्ट्रास ५६०, कर्नाटकास ७०० व आंध्र प्रदेशास ८०० अब्ज घनफूट (टी.एम.सी.) पाणी मिळाले. कोयनेतून वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवावयाच्या पाण्यावरही ६७.५ टी.एम.सी.ची मर्यादा घालण्यात आली.

या निवाड्याचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही. हिस्से ठरल्यामुळे धरणे बांधता आली. परंतु लवाद मोजतो ते वर्षाचे पाणी. कृष्णाकाठच्या माणसाला भोगावे लागते ते विशिष्ट दिवसाचे पाणी. पाणी किती, याचे उत्तर निवाड्यात सापडते. ते केव्हा यावे, आणि येण्यापूर्वी कोणी कोणास कळवावे, या प्रश्नांना वार्षिक हिश्शांचा आकडा पुरा पडत नाही. येथील अशांततेचे मूळ बव्हंशी याच उणिवेत आहे.

महापुराचे उदाहरण घ्यावे. पाटण तालुक्यातील कोयना धरणाची साठवणक्षमता सुमारे १०५ टी.एम.सी. आहे. तेथून सोडलेले पाणी कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेस मिळते. पुढे सांगलीजवळ हरिपूर येथे वारणा आणि नरसोबाच्या वाडीस पंचगंगा कृष्णेत येते. सांगलीच्या खाली नदीचा उतार मंद आहे. त्यामुळे या नद्या एकाच वेळी फुगल्या म्हणजे पाण्यास पुढे सरकावयास अवधी लागतो व ते मागे दाटते. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी व ४५ फूट ही धोका पातळी मानली जाते. २००५ साली पाणी ५३ फुटांच्या वर गेले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांच्याही वर चढले. त्याच पुरात पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे गावकऱ्यांना बाहेर काढणारी नाव उलटून अनेकांचे प्राण गेले.

अशा प्रसंगी दोष कोणाचा, हा प्रश्न उद्भवणे स्वाभाविक होते. सांगलीत एक बोट वर कोयनेकडे व दुसरे खाली अलमट्टीकडे दाखविले गेले. २०१९ नंतर राज्य शासनाने नेमलेल्या वडनेरे समितीने २०२० च्या अहवालात अतिवृष्टी व पूरक्षेत्रातील अतिक्रमणे यांवर भर दिला, आणि सांगली-कोल्हापूरच्या पुरास अलमट्टीचा फुगवटा कारणीभूत नसल्याचा निष्कर्ष काढला. तथापि लोकांच्या मनातील शंका त्याने फिटली नाही. यास केवळ लोकांचा हट्ट म्हणणे अन्यायाचे होईल. पूर ओसरल्यावर तज्ज्ञांनी मांडलेला हिशेब आणि पूर येत असता शेजाऱ्याने तासातासाला दिलेली खबर, यांचे वजन सारखे नसते. पहिल्याने वाद संपतो असे नाही. दुसऱ्याने निदान संशयास जागा उरत नाही.

१९ जून २०२१ रोजी बंगळूर येथे महाराष्ट्राचे तत्कालीन जलसंपदा मंत्री जयंत पाटील व कर्नाटकाचे तत्कालीन मुख्यमंत्री बी. एस. येडियुरप्पा यांची पूरनियंत्रणातील समन्वयासाठी भेट झाली, तिचे मोल या दृष्टीने जाणले पाहिजे. पुढच्याच महिन्यात कोयनेच्या खोऱ्यात विलक्षण पाऊस झाला, पाटण तालुक्यात दरडी कोसळून माणसे दगावली आणि सांगलीत पाणी पुन्हा ५० फुटांच्या वर गेले. संवादाने पाऊस थांबत नाही, हे उघडच आहे. परंतु भेट पावसाळ्यापूर्वी व्हावी, हा पायंडा पुरापेक्षा अधिक टिकाऊ ठरू शकतो. मात्र पायंडा आणि संस्था यांत अंतर असते. ऱ्हाईन नदीकाठच्या राष्ट्रांनी १९५० साली, महायुद्ध संपून जेमतेम पाच वर्षे लोटली असता, एक कायम आयोग स्थापन केला. त्याचे निर्णय बंधनकारक नसतात. तरीही १९९३ व १९९५ च्या पुरांनंतर १९९८ मध्ये त्या राष्ट्रांनी पुरासंबंधी सामाईक कृतियोजना आखली. माणसे बदलली तरी बैठकीची जागा बदलली नाही, हे तेथील यशाचे एक कारण समजावे लागते.

पुराइतकाच दुष्काळ हाही या शेजाराची कसोटी पाहतो. सांगली जिल्ह्याचा पूर्व भाग पर्जन्यछायेतील आहे. १९९३ साली आटपाडी येथे नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर प्रभृतींच्या पुढाकाराने पाणी परिषद भरली. पुढे सातारा, सांगली व सोलापूर या तिन्ही जिल्ह्यांतील दुष्काळी तालुक्यांचे शेतकरी या चळवळीत एकत्र आले. खटाव-माण आणि आटपाडी-खानापूर यांचे दुःख एक आहे, हे या चळवळीने जिल्ह्याची सीमा ओलांडून मान्य केले. टेंभू उपसा सिंचन योजना या भागीदारीचे दृश्य रूप म्हणता येईल. तिचा बंधारा सातारा जिल्ह्यात कऱ्हाड तालुक्यात, आणि तिच्या पाण्याची मुख्य वाट सांगलीच्या दुष्काळी तालुक्यांकडे. तरीसुद्धा २०२३ साली पाऊस कमी झाला, कोयना पूर्ण भरली नाही, आणि कृष्णेत पाणी सोडण्यावरून दोन्ही जिल्ह्यांच्या लोकप्रतिनिधींत जाहीर वाद झाला. राज्य एक असले म्हणजे संवाद आपोआप घडतो, हा समज येथे टिकत नाही.

सर्वांत बोलके उदाहरण जतचे. या तालुक्याच्या पूर्व भागात कानडी बोलणारी गावे पुष्कळ आहेत. परंतु तेथील असंतोषास भाषेपेक्षा पाणीच अधिक कारण झाले. पाणी मिळत नसेल तर कर्नाटकात जाऊ, अशी भाषा काही गावांनी केली. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकाचे तत्कालीन मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी जतच्या ४० गावांचा उल्लेख करताच सीमावाद पेटला. त्यानंतर थोड्याच दिवसांत कर्नाटकाच्या तुबची-बबलेश्वर योजनेचे पाणी जतच्या सीमेवरील भागात आले, आणि महाराष्ट्र शासनाने विस्तारित म्हैसाळ योजनेस गती दिली. तहानलेल्या गावांना एकाच वेळी दोन राज्यांचे प्रेम अनुभवावयास मिळाले.

या प्रकरणातील राजकारण बाजूस सारले, तर भूगोलाचे एक साधे सत्य उरते. पूर्व जतला महाराष्ट्राचे पाणी अनेक टप्प्यांत उपसून न्यावे लागते, तर कर्नाटकाची योजना अगदी सीमेपर्यंत आलेली आहे. उलट उन्हाळ्यात कृष्णा आटली की बेळगाव, बागलकोट, विजापूर या जिल्ह्यांना पिण्यासाठी कोयना-वारणेचे पाणी हवे असते, आणि ते सांगलीवरून राजापूर बंधाऱ्यामार्गे नदीनेच जाऊ शकते. एकाने उन्हाळ्यात नदीतून द्यावे व दुसऱ्याने कालव्यातून जतला परत करावे, ही अदलाबदलीची कल्पना वारंवार चर्चेत आली आहे. हिश्शांच्या आकड्यांत ती बसविणे फारसे अवघड नाही. अवघड आहे ते एवढेच की, एकाच्या ऋतूतील देणे दुसऱ्याच्या ऋतूत फिटेल, असा भरवसा दोघांनाही वाटावा लागतो.

असा भरवसा नसला म्हणजे काय होते, ते २०२५ च्या उन्हाळ्यात दिसले. एप्रिलमध्ये कर्नाटकाचे मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी वारणा-कोयनेतून २ टी.एम.सी. पाणी सोडण्याची विनंती महाराष्ट्रास पत्राने केली. मे महिन्यात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचे पत्र कर्नाटकास गेले, ते अलमट्टीची उंची ५१९.६ वरून ५२४.२५६ मीटरपर्यंत वाढविण्यास हरकत घेणारे होते. ती उंची वाढविण्यास ब्रिजेशकुमार लवादाने २०१० मध्येच अनुमती दिली होती. नदी तीच, सरकारेही तीच. पत्रे मात्र दोन निरनिराळ्या विषयांची म्हणून लिहिली गेली.