पाऊल वाटेवरच ठेवूया

सप्टेंबरात आम्ही गटातल्या बाराजणी साताऱ्याजवळच्या कास पठारावर गेलो. आखलेल्या वाटेने फेरा मारताना आमच्यातली एक फोटोसाठी दोन पावलं फुलांत शिरली. राखणीवरच्या ताई ओरडल्या. आम्हाला रागच आला. मग त्यांनी खाली वाकून दाखवलं, तेव्हा कळलं.

इथे जांभ्या खडकावर माती कुठे बोटभर, कुठे तेवढीही नाही. तीही निकस. म्हणून दवबिंदू नावाचं इवलंसं झाड पानांवरच्या चिकट थेंबांत किडे धरून आपली भूक भागवतं. वायतुऱ्याचा कंद उन्हाळाभर मातीत निजतो आणि पावसात फुटतो. टोपली कारवी तर सात वर्षांनी एकदा बहरते. पाय पडला की माती दबते, कंद चिरडतो, बी धरण्याआधीच फूल जातं. मग पुढच्या वर्षी उगवायचं कशातून?

पश्चिम घाटासोबत कासही 2012 पासून जागतिक वारसा आहे. तुम्हीही जरूर जा, शक्यतो शनिवार-रविवार टाळून. पेरलेल्या वाफ्यात आपण पाय ठेवतो का? तसंच हे पठार समजा.