लिलाव पैशाविना, लक्ष मैदानाकडे: बेळगाव-निपाणीत फँटसी लीग कशी चालवावी

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयीचे विधेयक संमत केले. २२ ऑगस्ट रोजी त्यावर राष्ट्रपतींची मोहोर उमटली आणि ‘ड्रीम इलेव्हन’सारख्या कंपन्यांनी पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या स्पर्धा तत्काळ थांबविल्या. फँटसी लीग हा कौशल्याचा खेळ की नशिबाचा, हा वाद त्याआधी अनेक वर्षे न्यायालयांतून चालू होता. नव्या कायद्याने तो बाजूस सारला. खेळ कोणत्याही प्रकारचा असो, जिंकण्याच्या अपेक्षेने पैसे भरून तो ऑनलाइन खेळवता येणार नाही, अशी त्याची भूमिका आहे. मोबाइलवर संघ निवडून सामन्याची वाट पाहणाऱ्या तरुणांना वाटले की आता फँटसी लीगच संपली.

प्रत्यक्षात संपला तो तिचा एक अवतार. मूळ फँटसी लीग निराळी होती. ती अमेरिकेतील बेसबॉलमध्ये जन्मली, दहा-बारा परिचितांत खेळली गेली, संपूर्ण हंगामभर चालली आणि तिचे भांडवल होते खेळाडूंविषयीची माहिती व एक नीट राखलेली वही. हे मूळ रूप बेळगाव आणि निपाणीच्या सीमाभागात रुजण्याजोगे आहे, कारण त्यासाठी लागणारी मैदाने, लिलावाची सवय आणि स्थानिक खेळाविषयीची आस्था तिथे आधीपासूनच आहे.

बेसबॉलच्या वहीतून निघालेला खेळ

बेसबॉल हा आकड्यांचा खेळ मानला जातो. त्या आकड्यांचे मूळ मात्र क्रिकेटमध्ये आहे. इंग्लंडमध्ये जन्मलेले आणि न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रांसाठी क्रिकेटचे वार्तांकन करणारे हेन्री चॅडविक यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास क्रिकेटच्या धावफलकाच्या धर्तीवर बेसबॉलचा धावफलक घडविला. कोणत्या खेळाडूने काय केले हे एका चौकटीत मांडण्याची ही पद्धत रुळली आणि प्रत्येक अमेरिकी वाचक सकाळी वृत्तपत्रात आपल्या आवडत्या खेळाडूचे आकडे शोधू लागला.

त्या आकड्यांवर १९८० मध्ये संपादक डॅनियल ओक्रेंट आणि त्यांच्या स्नेह्यांनी एक खेळ उभारला. न्यूयॉर्कमधील ‘ला रोटिसरी फ्रान्सेज’ या उपाहारगृहात ही मंडळी भेटत, म्हणून त्याचे नाव ‘रोटिसरी लीग’ पडले. प्रत्येक ‘मालका’ने लिलावात २६० डॉलरच्या मर्यादेत खरे व्यावसायिक खेळाडू बोली लावून घ्यायचे आणि २३ जणांचा संघ बांधायचा. मग हंगामभर ते खेळाडू खऱ्या मैदानावर जे करतील, ते मालकाच्या खात्यावर जमा होत राहायचे.

या खेळात आणि भारतात लोकप्रिय झालेल्या मोबाइलवरील खेळात दोन मूलभूत फरक आहेत. मोबाइलवर एकच खेळाडू लाखो जणांच्या संघात असू शकतो. रोटिसरी लीगमध्ये लिलावात जिंकलेला खेळाडू फक्त एकाच मालकाचा असतो. दुसरा फरक काळाचा. मोबाइलवरील स्पर्धा एका सामन्यात निकाली निघते. रोटिसरी लीग सहा महिने चालते, म्हणून एका दिवसाच्या नशिबाचे वजन कमी होते आणि सातत्य ओळखण्याची दृष्टी मोलाची ठरते.

सीमेवरचा मोबाइल

सीमाभागाने पैशाच्या फँटसी लीगचा विचित्र अनुभव २०२१ मध्येच घेतला होता. कर्नाटक सरकारने त्या वर्षी पोलीस कायद्यात दुरुस्ती करून पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. ऑक्टोबरमध्ये ती लागू झाली आणि ‘ड्रीम इलेव्हन’ने कर्नाटकातील आपली सेवा थांबविली. महाराष्ट्रात ती चालू होती. कोगनोळीचा टोलनाका आणि दूधगंगेचा पूल ओलांडून कागलला गेले की जे चालत होते, ते निपाणीत चालत नव्हते. १४ फेब्रुवारी २०२२ रोजी कर्नाटक उच्च न्यायालयाने त्या दुरुस्तीतील मुख्य तरतुदी रद्द ठरविल्या आणि चित्र पुन्हा पालटले.

भाषा, नातीगोती, बाजारहाट आणि खेळ नदीच्या दोन्ही काठांवर एकच असताना खेळण्याची मुभा मात्र पुलावर बदलत होती. यातून एक गोष्ट स्पष्ट होते. पैशाच्या पायावर उभी असलेली लीग कायद्याच्या, कंपनीच्या आणि करांच्या मर्जीवर जगते. गावाचा तिच्यावर काही अधिकार नसतो.

बेळगावने याच धड्याची आणखी एक बाजू पाहिली आहे. कर्नाटक प्रीमियर लीगमध्ये शहराच्या नावाचा संघ होता, ‘बेळगावी पँथर्स’. २०१७ मध्ये त्याने विजेतेपदही पटकाविले. दोन वर्षांनी, सप्टेंबर २०१९ मध्ये, संघाच्या मालकाला सट्टेबाजीच्या आरोपावरून बंगळूर पोलिसांच्या गुन्हे शाखेने अटक केली आणि तपासाचे लोण अन्य संघांपर्यंत पोहोचले. त्या हंगामानंतर ही लीग झाली नाही. २०२२ मध्ये तिच्या जागी महाराजा ट्रॉफी सुरू झाली, तेव्हा तिच्या सहा संघांत बेळगावचे नाव नव्हते. शहराचा संघ गेला, मैदाने मात्र राहिली.

मैदानांचे शहर

बेळगावची क्रीडासंस्कृती एका खेळापुरती कधीच नव्हती. लष्करी छावणी आणि मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र, कॅम्पातील मिशनरी शाळा, शहापूर-वडगावच्या गल्ल्यांतील तालमी आणि ग्रामीण भागातील जत्रांची कुस्ती मैदाने असे अनेक प्रवाह इथे एकत्र आले. १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकमध्ये मॅरेथॉन धावलेले फडेप्पा चौगुले बेळगावचे. १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या हॉकी संघातील बंडू पाटील बेळगावचे. २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत कुराश या कुस्तीसदृश खेळात कांस्यपदक मिळविणारी मलप्रभा जाधव तालुक्यातील तुरमुरी गावची. कर्नाटकाकडून रणजी करंडक खेळलेला वेगवान गोलंदाज रोनित मोरे याच शहराचा.

ऑटो नगरातील राज्य क्रिकेट संघटनेच्या मैदानावर जून २०१९ मध्ये भारत ‘अ’ संघाकडून खेळताना ऋतुराज गायकवाडने श्रीलंका ‘अ’ संघाविरुद्ध नाबाद १८७ धावा केल्या. ती खेळी आजही कोणालाही शोधता येते, कारण तिची नोंद आहे. त्याच शहरातील सरदार मैदानावर टेनिस बॉलच्या स्पर्धेत एखाद्या खेड्यातल्या मुलाने काढलेल्या नव्वद धावा मात्र दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रातील चार ओळींनंतर विस्मृतीत जातात. त्याने हंगामात एकूण किती धावा केल्या, हे तो स्वतःही खात्रीने सांगू शकत नाही. निवड समितीपुढे उभे राहताना त्याच्या हाती काहीच नसते. स्थानिक क्रीडासंस्कृतीची खरी उणीव इथे आहे. प्रेक्षक आहेत, बक्षिसे आहेत, हंगामाची नोंद नाही.

फँटसी लीग ही उणीव भरून काढू शकते. ज्याने एखाद्या खेळाडूवर बोली लावली आहे, तो त्याचा प्रत्येक सामना पाहतो आणि धावफलकातील चूक लगेच दाखवून देतो. आठ मालक असतील, तर गुणलेखकाच्या वहीला आठ दक्ष परीक्षक मिळतात.

लीग कशी उभारावी

गल्लीच्या किंवा गावाच्या नावाने भरणाऱ्या ‘प्रीमियर लीग’ स्पर्धांमुळे खेळाडूंचा लिलाव सीमाभागात नवा राहिलेला नाही. त्यामुळे पहिली पायरी सोपी आहे. आठ जण मालक म्हणून घ्यावेत आणि नववा संचालक. संचालकाचा स्वतःचा संघ नसावा, कारण वादाचा निवाडा त्यालाच करायचा असतो. नियम लिलावापूर्वी लिहून सर्वांच्या सह्या घ्याव्यात. हंगामाच्या मध्यावर केलेला नियम कितीही न्याय्य असला, तरी तो कोणाच्या तरी विरोधातच जातो.

प्रत्येक मालकाला १०० गुणांची थैली द्यावी आणि त्यात ११ खेळाडू घ्यायला सांगावे. एका खेळाडूची किमान किंमत एक गुण. म्हणजे पहिल्या खेळाडूवर जास्तीत जास्त ९० गुणांचीच बोली लावता येईल, कारण उरलेल्या दहा जणांसाठी दहा गुण राखावेच लागतात. हे साधे गणित विसरणारा मालक नामवंत फलंदाज घेतो आणि गोलंदाजीच्या वेळी रिकाम्या थैलीने बसतो.

गुण देण्याची पद्धत हा लीगचा गाभा. धावेला एक, बळीला वीस अशी थेट बेरीज टेनिस बॉलच्या सहा-आठ षटकांच्या सामन्यांत फसवी ठरते. तिथे गोलंदाजाला दोनच षटके मिळतात आणि फलंदाजाचे पारडे जड होते. रोटिसरी पद्धत इथे उपयोगी पडते. धावा, षटकार, बळी, प्रतिषटक दिलेल्या धावा आणि झेल असे पाच विभाग करावेत. प्रत्येक विभागात आठ संघांचा क्रम लावावा. पहिल्याला आठ गुण, शेवटच्याला एक. एखादा संघ धावांत पहिला आला आणि बळींत सहावा, तर त्याला आठ आणि तीन मिळून अकराच गुण मिळतात. दोन्ही विभागांत तिसरा आलेला संघ बारा गुणांनी त्याच्या पुढे जातो. समतोल संघ बांधण्याचे शिक्षण असे मिळते आणि काटकसरीने गोलंदाजी करणाऱ्या अप्रसिद्ध खेळाडूचे मोलही लोकांना कळू लागते.

सर्वच खेळ या साच्यात बसत नाहीत. कबड्डीत चढाई आणि पकडीचे गुण स्वतंत्र मोजले जातात, म्हणून ती सोयीची. फुटबॉलमध्ये गोल कमी होतात. बचावपटूला न्याय द्यायचा तर ‘गोल न स्वीकारलेला सामना’ हा विभाग ठेवावा लागतो. कुस्ती मात्र यातून वगळलेली बरी. जत्रेतील जोड आयोजक ठरवितात, प्रतिस्पर्धी समतोलाचा असेलच असे नाही आणि हंगामाची सलग मोजणी होत नाही. मल्लाची किंमत लिलावात ठरविणे तालमीच्या परंपरेलाही रुचणार नाही.

चार पथ्ये

पहिले पथ्य पैशाचे. प्रवेश शुल्क जमवून विजेत्याला वाटणे म्हणजे ज्या वाटेवर कायदा आणि संकट दोन्ही उभे आहेत, त्याच वाटेने जाणे होय. विजेत्याला फिरता चषक पुरे. रोटिसरी लीगच्या मंडळींनीही विजेत्याच्या डोक्यावर थंड पेय ओतण्याचा विधी बक्षिसाइतकाच मानाचा मानला होता.

दुसरे पथ्य हितसंबंधांचे. स्पर्धेत खेळणारा, पंचगिरी करणारा किंवा गुणलेखन करणारा कोणीही मालक नसावा. झेल सोडणाऱ्या क्षेत्ररक्षकाच्या मनात दुसऱ्याच संघाचा हिशेब चालू आहे, अशी नुसती शंका आली तरी मैदान नासते.

तिसरे पथ्य वयाचे. आंतरशालेय स्पर्धांतील मुलांचा लिलाव करू नये. चौदा वर्षांच्या मुलाला आपण एका गुणात गेलो हे कळण्याची काही गरज नाही. त्यांची आकडेवारी ठेवावी, किंमत लावू नये. प्रौढ खेळाडूंचीही नावे घेण्यापूर्वी संमती घ्यावी.

चौथे पथ्य नोंदीचे. प्रत्येक सामन्याच्या धावफलकाचे त्याच दिवशी छायाचित्र काढून सर्व मालकांना पाठवावे आणि दोन दिवसांत हरकत न आल्यास तो अंतिम मानावा. हंगाम संपल्यावर संपूर्ण आकडेवारी स्पर्धेच्या आयोजकांना आणि प्रत्येक खेळाडूला द्यावी.

घाटाच्या या बाजूला

चोर्ला घाटाच्या या बाजूला गोव्यातही चित्र फार वेगळे नाही. गावोगावी टेनिस बॉलच्या आणि फुटबॉलच्या स्पर्धा होतात, ढोल वाजतात, चषक उंचावले जातात आणि हंगामाचे आकडे कुठेच सापडत नाहीत. गोव्यातून बेळगावला आणि बेळगावहून गोव्यात खेळाडू स्पर्धांसाठी जात-येत असतात. दोन्हीकडच्या नोंदी एकाच पद्धतीने ठेवल्या गेल्या, तर घाटापलीकडच्या गोलंदाजाची ओळख ऐकीव कीर्तीवर अवलंबून राहणार नाही.

पावसाळा सरला की सीमाभागातील मैदानांवर चुन्याच्या रेषा पुन्हा आखल्या जातात. लीग उभारायची असेल, तर त्याआधीचे दोन महिने नियम लिहिण्याचे आणि गुणलेखक तयार करण्याचे. पहिल्या वर्षी आठ मालक आणि एकच स्पर्धा पुरेशी आहे. वर्षाअखेरीस चषक कोणाकडे गेला हे कदाचित विसरले जाईल, परंतु निपाणीच्या एखाद्या डावखुऱ्या गोलंदाजाने किती षटके टाकली, किती बळी घेतले आणि किती धावा दिल्या, हे लिहिलेला एक कागद त्याच्या हाती असेल. निवड चाचणीला जाताना तो कागद त्याला सोबत नेता येईल.