दारू सोडवणाऱ्या डॉक्टरला कोण शिकवतो?

कडावच्या खाचरांतले भात दिवाळीच्या आगेमागे कापून होते, झोडणी उरकते, आणि घरात चार पैसे खुळखुळू लागतात. नेमके तेच दिवस कित्येक घरांतल्या बायांना नको वाटतात. आमच्या घरचीच गोष्ट सांगतो, दुसऱ्याची कशाला? माझा चुलतभाऊ नांगराला वाघ, पण भात विकले की आठ-आठ दिवस शुद्धीवर नसायचा. एका वर्षी वहिनींनी त्याला उचलून एका दवाखान्यात नेले. मोठ्या डॉक्टरांनी सलाईन लावले, "सोड नाहीतर मरशील" असे दरडावले आणि दुसऱ्या दिवशी घरी धाडले. पंधरवड्यात पुन्हा तेच.

त्या दवाखान्यात नुकताच शिकून आलेला एक तरुण डॉक्टर होता. वहिनींनी त्याला जिन्यात गाठले. "दादा, चहातून घालायला एखादी पूड दे रे."

"काकी, चोरून काही देऊ नका, जिवावर बेतेल," तो म्हणाला. मग जरा घुटमळून बोलला, "खरं सांगू? दारूने लिव्हर कसं सडतं ते आम्हाला कॉलेजात दाखवलं. पण दारू पिणाऱ्याशी बोलायचं कसं, ते कुणी दाखवलं नाही."

त्याचे हे बोलणे माझ्या मनात रुतून बसले. वाचकहो, आपण डॉक्टरला देव मानतो नाहीतर शिव्या घालतो. पण त्यालाही कुणी गुरू लागतो, हे आपल्या ध्यानात येत नाही. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या सरकारी पाहणीनुसार, दारूच्या पुरत्या आहारी गेलेल्या 38 जणांपैकी जेमतेम एकाला कसलातरी उपचार मिळतो. उरलेल्या 37 जणांसाठी तज्ज्ञ आणायचे कोठून?

खाचर आणि दवाखाना

या प्रश्नाला आपल्या शेजारच्या गोव्यात जे उत्तर शोधले गेले, ते शेतकऱ्याला चटकन कळेल असे आहे. कर्जतच्या भात संशोधन केंद्रात 'कर्जत-3' सारखे वाण निघाले ते कसे? एकाच जमिनीचे सारखे वाफे पाडायचे, काहींत एक बियाणे, काहींत दुसरे, आणि कापणीला वजन करायचे. चांगला वाफा आवडत्या बियाण्याला द्यायचा नाही, कोणत्या वाफ्यात काय हे चिठ्ठी टाकून ठरवायचे. चिठ्ठीची ही रीत इंग्लंडातल्या रोदमस्टेड येथील शेती केंद्रावर रोनाल्ड फिशर या गणितज्ञाने पक्की केली. औषधांच्या चाचणीत ती नंतर आली. क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनची गाजलेली चाचणी 1948 सालची. म्हणजे या बाबतीत डॉक्टर लोक शेताच्या बांधावर शिकून गेले म्हणायचे!

गोव्यात 'संगाथ' ही संस्था 1996 पासून काम करते. तिच्या संस्थापकांपैकी एक डॉ. विक्रम पटेल. त्यांच्याबरोबर काम करणारे त्यांच्याहून तरुण मानसोपचारतज्ज्ञ डॉ. अभिजित नाडकर्णी यांनी एक चाचणी उभी केली. दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांतून, पिण्याने नुकसान होऊ लागले आहे असे 377 पुरुष निवडले. दहा प्रश्नांच्या एका जागतिक प्रश्नावलीत ज्यांना 12 ते 19 गुण पडले तेच घेतले. त्याहून वरच्यांना तज्ज्ञच हवा, म्हणून ते यात नव्हते. चिठ्ठीने दोन गट पाडले. एका गटाला आरोग्य केंद्राच्या डॉक्टरचा सल्ला मिळाला. दुसऱ्या गटाला त्या सल्ल्याबरोबर समुपदेशकाच्या जास्तीत जास्त चार बैठका मिळाल्या.

हे समुपदेशक डॉक्टर नव्हते, शाळा शिकलेली स्थानिक माणसे होती. त्यांना तयार करण्याची तऱ्हा मला फार आवडली. बैठकीचे बोलणे परवानगीने ध्वनिमुद्रित करायचे, मग सगळ्यांनी एकत्र बसून ऐकायचे आणि गुण द्यायचे. कुठे उपदेश झाला, कुठे ऐकून घ्यायचे राहिले, सगळे उघड. तिथे तज्ज्ञाइतकाच सोबतीही मास्तर. भजनी मंडळात चुकला सूर शेजारचाच दाखवतो, तसेच हे.

तीन महिन्यांनी पाहिले, तर बैठका झालेल्यांपैकी 36 टक्के लोकांचा त्रास ओसरला होता, नुसता सल्ला मिळालेल्यांत 26 टक्क्यांचा. मागच्या चौदा दिवसांत थेंबही न घेतलेले इकडे 42 टक्के, तिकडे 18. हा निबंध 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय साप्ताहिकात 2017 साली छापून आला. त्यावर पहिले नाव नाडकर्णींचे, शेवटचे पटेलांचे. वैद्यकातल्या निबंधांत शेवटची जागा बहुधा मार्गदर्शकाची असते, धाकट्याला पुढे करून आपण मागे उभे राहायचे.

आणि त्याच निबंधात हेही लिहिले आहे की जे पीतच राहिले, त्यांच्या पिण्याच्या मापात फरक पडला नाही. जे साधले नाही तेही लपवायचे नाही, हा धडा पुस्तकातून मिळत नाही, तो वडीलधाऱ्याच्या वागण्यातूनच उचलावा लागतो.

गोळी आणि घरचा माणूस

आता वहिनींच्या पुडीकडे वळू. डायसल्फिराम नावाची गोळी घेतलेल्याने दारू प्याली तर तोंड लाल होते, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. प्रसंगी माणूस दगावतो. म्हणूनच ती न सांगता कालवणात घालणे हा मृत्यूशी खेळ आहे. पण उघडपणे घेतली तर? मुंबईच्या दोघा डिसूझा डॉक्टरांनी 2004 साली आपली चाचणी प्रसिद्ध केली. शंभर पुरुष, वर्षभर उपचार. निम्म्यांना ही गोळी, निम्म्यांना नाल्ट्रेक्सोन नावाची दुसरी. गोळी वेळेवर जाते ना हे पाहणारा घरचा माणूस असेल, अशांनाच घेतले होते. वर्षअखेर पहिल्या गटात 86 टक्के दारूपासून दूर राहिले, दुसऱ्यात 44 टक्के. पिण्याची ओढ मात्र दुसऱ्या गोळीने अधिक कमी झाली. कोण कोणती गोळी घेतो हे डॉक्टरांना ठाऊक होते, हेही लक्षात ठेवावे. तरीही घरच्या माणसाचे मोल यात दिसतेच. त्याला सांगून, त्याच्या संमतीने, डॉक्टरच्या देखरेखीखाली.

एक धोका इथेच सांगून टाकतो. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरात कोंडून एकदम बंद करू नये. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरणे, भास, फिट येऊ शकते, ते जिवावर बेतते. त्याला दवाखान्यातच न्यावे. वाट ठाऊक नसेल तर 14446 या सरकारी क्रमांकावर फुकट विचारता येते. पुण्याचे मुक्तांगण तर आपल्याकडे अनेकांना माहीत आहे. येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. अनिता अवचट यांनी पती अनिल अवचट यांच्यासह ते 1986 साली सुरू केले, आणि पु. ल. व सुनीता देशपांडे यांची देणगी त्यामागे होती. तिथे बरे झालेले रुग्णच पुढे कार्यकर्ते होतात.

आपल्या गावचा कुणी मुलगा किंवा मुलगी वैद्यकीय कॉलेजात असेल, तर त्यांच्या कानावर हे जरूर घाला. भारतीय वैद्यक संशोधन परिषद 1979 पासून विद्यार्थ्यांना दोन महिन्यांच्या छोट्या संशोधनासाठी विद्यावेतन देत आली आहे, आणि त्यात एक मार्गदर्शक लागतोच. एमडी करताना तर प्रबंध लिहावाच लागतो. विषय निवडताना आपल्या खाचरातले दुखणे आठवले तर काय बिघडेल?

तो जिन्यातला तरुण पुढे एमडीला गेला. शिमग्याला गावाकडे आला तेव्हा वहिनींकडे चहाला आला. प्रबंध दारूवरच घेतला होता. वहिनींनी विचारले, "मग किती जणांची सुटली?"

"आले त्यांचं सांगता येईल, काकी. पण सर म्हणतात, जे परत आलेच नाहीत ते आधी शोध. त्यांना सोडून हिशेब मांडलास तर तो खोटा. सुट्टीतसुद्धा त्यांचीच घरं हुडकत फिरतोय."

भाऊ ओटीवर बसून ऐकत होता. तो अजून पितो, पण पूर्वीपेक्षा कमी. त्याने पायांत वहाणा घातल्या आणि विचारले, "त्यातलं एखादं घर आपल्या बाजूला आहे का? वाट मी दाखवतो."