यादी डीएमची, कमांड एकच

पल्सार शोधणाऱ्याच्या पडद्यावर पाहण्यासारखं फारसं काही नसतं. काळ्या खिडकीत एक ओळ टाइप केलेली असते आणि तिच्याखाली फायलींची नावं सरकत असतात. ती ओळ कशी तयार होते हे मी पुण्यात अशाच एका संशोधकाच्या शेजारी बसून पाहिलं. शोधाची खरी अक्कल मला तिथेच दिसली.

या कामाचं घर म्हणजे पुणे विद्यापीठाच्या आवारातलं एनसीआरए हे रेडिओ खगोलशास्त्राचं केंद्र. त्याची दुर्बीण, जीएमआरटी, इथून साधारण 80 किलोमीटरवर, नारायणगावजवळ खोडदला आहे: 45 मीटर व्यासाच्या 30 डिश. पल्सार हा तारा स्वतःभोवती फिरताना रेडिओ लहरींचे नियमित ठोके देतो. पण वाटेतल्या इलेक्ट्रॉनांमुळे कमी वारंवारतेच्या लहरी मागे पडतात. किती मागे, हे डीएम (डिस्पर्शन मेझर) या आकड्यावरून कळतं. जीएमआरटीनं शोधलेल्या, 2004 साली जाहीर झालेल्या एनजीसी 1851 या तारकागुच्छातल्या पल्सारचा डीएम सुमारे 52 आहे. म्हणजे 500 मेगाहर्ट्झवर आलेला ठोका 300 मेगाहर्ट्झवर जवळजवळ दीड सेकंद उशिरा पोचतो. आणि तो तारा एक फेरी पुरी करतो फक्त 5 मिलिसेकंदांत! हा उशीर दुरुस्त केला नाही तर शेकडो ठोके एकमेकांत मिसळून जातात.

नव्या पल्सारचा डीएम मात्र कुणालाच ठाऊक नसतो. म्हणून यादी करायची. शून्यापासून 300 पर्यंत, 0.1 च्या पायरीनं गेलं तर 3001 आकडे होतात. पण एवढी पायरी ठेवली तर दोन आकड्यांच्या मधोमध बसलेल्या पल्सारचा ठोका 300 ते 500 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात तरीही सुमारे दीड मिलिसेकंद पसरतो. पायरी निम्मी केली की पसरणं निम्मं होतं, काम दुप्पट. कमांड चालवण्यापेक्षा जास्त वेळ या हिशेबात जातो, आणि जायलाच हवा.

पुढचं काम प्रेस्टो या सॉफ्टवेअरचं. ते लिहिणारे स्कॉट रॅन्सम एनजीसी 1851 च्या त्या शोधातही होते. प्रत्येक डीएमसाठी एक फाइल तयार होते. मग ‘एलएस’ ही कमांड त्या फायलींची नावं काढते, ती पाइपमधून ‘एक्सआर्ग्ज’कडे जातात आणि ‘एक्सआर्ग्ज’ एकेक नाव जोडून, नियमित ठोके हुडकायला लागणाऱ्या फूरिए रूपांतराची कमांड चालवते. ‘एकेक’ हे तिला सांगावं लागतं, मायनस एन एक असं लिहून. नाहीतर मावतील तितकी नावं ती एकाच कमांडच्या गळ्यात मारते.

लांब रन सुरू करण्याआधी कमांडच्या पुढे ‘एको’ लावतात. त्यानं काहीच चालत नाही, काय चाललं असतं ते फक्त छापलं जातं. त्या छापील ओळींतल्या पहिल्या आणि शेवटच्या काही सावकाश वाचायच्या. ही सवय मला फार मोलाची वाटते. सगळं ठीक असेल तर ‘एको’ काढायचं.

एका डीएमच्या कामाला दुसऱ्या डीएमशी काही देणंघेणं नसतं. त्यामुळे आठ कोअर असतील तर आठ कामं एकदम सोडता येतात. फक्त प्रत्येकाचा लॉग वेगळा ठेवायचा, नाहीतर ओळी एकमेकांत घुसतात. शेवटी ‘एक्सआर्ग्ज’नं 123 हा कोड परत दिला तर समजायचं, कुठली तरी फाइल फसली आहे. कुठली, ते लॉग सांगतात. तेवढ्याच नावांची छोटी यादी करून पुन्हा चालवायचं.

गंमत अशी की स्वतंत्रपणे केलेल्या या कामांचा अर्थ शेवटी शेजाऱ्यांवरूनच लागतो. खरा पल्सार लगतच्या बऱ्याच डीएमना दिसतो, एका ठिकाणी सर्वांत ठळक होतो आणि दोन्ही बाजूंना मावळत जातो. जे शून्याला सर्वांत ठळक, ते बहुतेक पृथ्वीवरचंच. विजेच्या तारांचे 50 हर्ट्झ आणि त्यांच्या पटी तर हमखास येतात, म्हणून त्या आधीच गाळतात. केवळ एकाच आकड्याला चमकून गेलेल्या उमेदवारावर कुणी सहसा विश्वास ठेवत नाही.

उरलेल्या उमेदवारांची पुन्हा एक यादी होते. तिच्यावर दुसरी कमांड चालते, ती प्रत्येक उमेदवाराचे ठोके एकावर एक रचून चित्र काढते. आता चित्रं निवडायला मशीन लर्निंगची मदत मिळते. तरी पल्सार जाहीर करण्याआधी माणूस ते चित्र स्वतः पाहतो आणि दुर्बीण पुन्हा त्याच दिशेला वळवायची वेळ मागतो.