श्वान-प्रशिक्षक : नवा व्यवसाय, जुनी कसोटी

लातूर जिल्ह्यात, कर्नाटकाच्या सीमेलगत वसलेल्या देवणीचे नाव देशभर पोहोचले ते तेथील गोवंशामुळे. वानेरा, बालंक्या आणि शेवरा अशा तीन प्रकारांत आढळणारी ही जनावरे दूध आणि ओढकाम या दोहोंसाठी नावाजलेली आहेत. खोंड कसा शिकवावा, हे या परिसरातील शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. खोंडाला प्रथम माणसाच्या हाताची, मग जुवाची आणि अखेर औताची सवय लावावी लागते. त्यात घाई चालत नाही. एकदा बुजलेले जनावर पुन्हा विश्वासात घेण्यास दिवसेंदिवस खर्ची पडतात, हे तो अनुभवाने जाणतो.

जनावराच्या स्वभावाची ही जाण शेतीबाहेरही उपयोगी पडू शकते. श्वानप्रशिक्षण हे असेच एक क्षेत्र होय. या कामात असलेल्या अनेकांचा पहिला व्यवसाय निराळाच होता. पहिल्या व्यवसायातून काय बरोबर आणावे आणि काय मागे ठेवावे, यावर त्यांचे यशापयश अवलंबून असते.

शिपायाचा श्वान-हस्तक

महाराष्ट्रात या व्यवसायबदलाचे सर्वांत परिचित उदाहरण पोलीस दलात आढळते. मुंबई पोलिसांचे श्वानपथक डिसेंबर १९५९ मध्ये तीन डॉबरमन कुत्र्यांनिशी सुरू झाले. पुढे जिल्ह्याजिल्ह्यांतही अशी पथके उभी राहिली. या पथकांतील श्वान-हस्तक हा मुळात पोलीस कर्मचारीच असतो. गस्त, बंदोबस्त आणि ठाण्यातील कामकाज यांत मुरलेला शिपाई पथकात दाखल होतो आणि त्याचे दुसरे शिक्षण सुरू होते. राज्याच्या गुन्हे अन्वेषण विभागाचे श्वान प्रशिक्षण केंद्र पुण्यात शिवाजीनगर येथे आहे. सीमा सुरक्षा दलाचे राष्ट्रीय श्वान प्रशिक्षण केंद्र मध्य प्रदेशातील टेकनपूर येथे, तर सेनेचे केंद्र मेरठ येथे आहे.

एका श्वानासाठी सामान्यतः दोन हस्तक नेमले जातात, जेणेकरून एकाच्या अनुपस्थितीत काम अडू नये. आरंभी हुकूम देण्यापेक्षा सेवाच अधिक असते. पिलाला खाऊ घालणे, त्याचे अंग विंचरणे, राहण्याची जागा स्वच्छ ठेवणे, त्याच्यासोबत खेळणे, यांतून परस्परांची ओळख पटते. त्यानंतर बसणे, थांबणे, हाकेला येणे, डाव्या बाजूने चालणे असे आज्ञापालनाचे धडे दिले जातात. गंधशोधाचे शिक्षण त्याच्याही पुढचे.

गंधशोधाचे शास्त्र

कुत्र्याची घ्राणशक्ती उपजत असते. ती त्याला शिकवावी लागत नाही. असंख्य वासांतून कोणता वास महत्त्वाचा, एवढेच शिकवावे लागते. त्यासाठी ठरावीक वासाच्या वस्तूशी त्याच्या आवडत्या खेळण्याची सांगड घातली जाते. वास सापडला की खेळणे मिळते, हे एकदा त्याच्या मनात ठसले की शोध हाच त्याचा खेळ होतो. स्फोटके शोधणाऱ्या श्वानाला वास मिळताच भुंकू वा उकरू न देता स्तब्ध बसण्यास शिकवितात, कारण संशयित वस्तूला लागलेला धक्काही प्राणघातक ठरू शकतो.

येथे प्रशिक्षकाची खरी परीक्षा असते. विसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमधील एका घोड्याला गणित येते, असा मोठा बोलबाला झाला होता. घोडा खूर आपटून उत्तरे देत असे. प्रश्न विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावरील व शरीरावरील नकळत होणारा बदल पाहून तो थांबत असे, हे ऑस्कर फुंग्स्ट या संशोधकाने १९०७ मध्ये दाखवून दिले. श्वानाच्या बाबतीतही हेच घडू शकते. हस्तकाला एखाद्या पिशवीचा संशय आला आणि त्याची पावले तेथे रेंगाळली, तर श्वान वासाशिवायही तेथे बसू शकतो. निरपराध माणसावर त्यामुळे संशय यावा, किंवा उलटपक्षी खरे स्फोटक नजरेआड व्हावे, असा दुहेरी धोका त्यात आहे. म्हणूनच वस्तू कोठे लपविली आहे हे स्वतः हस्तकालाही ठाऊक नसेल, अशा रीतीने कसोशीने चाचणी घ्यावी लागते.

या परिश्रमांचे मोल १९९३ मध्ये महाराष्ट्राने पाहिले. मार्चमधील मुंबईच्या साखळी बाँबस्फोटांच्या काळात पुण्यात शिकलेल्या ‘जंजीर’ या लॅब्राडोर श्वानाच्या साहाय्याने ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर आणि २४९ हातबाँब हाती लागले. नोव्हेंबर २००० मध्ये जंजीर मरण पावला, तेव्हा त्याला सन्मानपूर्वक निरोप देण्यात आला. त्याच वर्षी, ३० सप्टेंबर १९९३ रोजी, किल्लारीच्या भूकंपाने लातूर जिल्ह्यातील हजारो माणसे ढिगाऱ्याखाली गाडली. ढिगाऱ्याखालील जिवंत माणसाचा माग काढणारे श्वान आज राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाकडे असून त्याची एक तुकडी पुण्याजवळ सुदुंबरे येथे आहे. या कामाचे महत्त्व लातूरकरांना वेगळे सांगण्याची गरज नाही.

खाजगी क्षेत्रातील वाट

सरकारी सेवेबाहेर घरगुती कुत्र्यांना शिस्त लावणाऱ्या प्रशिक्षकांना शहरांतून मागणी असते. सेनेतून वा पोलीस दलातून निवृत्त झालेले हस्तक या कामाकडे वळतात, तसेच प्राण्यांची आवड असलेले अन्य व्यावसायिकही वळतात. अमेरिकेतील कॅरन प्रायर या १९६० च्या दशकात हवाई बेटावर डॉल्फिनना शिकवीत. पाण्यातील डॉल्फिनला ना दोरी बांधता येते, ना मारता येते. त्याने योग्य कृती करताच शिटीने खूण करून मासा देणे एवढाच मार्ग उरतो. हीच पद्धत त्यांनी पुढे श्वानप्रशिक्षणात रुजविली.

देवणीच्या शेतकऱ्याला यातील निम्मे आधीच अवगत आहे. संयम, रोजचा नेम आणि जनावराचे कान, डोळे व शेपूट पाहून त्याचे मन ओळखणे ही त्याची शिदोरी होय. आसूड मात्र त्याने गोठ्यातच ठेवावा. मारामुळे कुत्रा वरकरणी दबतो. पण दबलेली भीती एखाद्या दिवशी घरातील लहान मुलाच्या दंशाच्या रूपाने बाहेर पडू शकते. शिवाय प्राण्यांना क्रूरतेने वागविणे हा १९६० च्या अधिनियमान्वये गुन्हा आहे.

प्रशिक्षकाचा दुसरा विद्यार्थी म्हणजे कुत्र्याचा मालक. कुत्रा प्रशिक्षकाचे ऐकतो पण घरच्यांचे ऐकत नाही, असे झाले तर शिक्षण अपुरे राहिले असे समजावे.

काही व्यावहारिक सूचना

या व्यवसायासाठी कायद्याने ठरविलेली पदवी आवश्यक नाही. त्यामुळे प्रवेश सुलभ असला, तरी अर्धशिक्षितांचा शिरकावही तितकाच सोपा होतो. इच्छुकाने प्रथम स्वतःचा कुत्रा शिकवावा, अनुभवी प्रशिक्षकाच्या हाताखाली काही महिने काम करावे आणि प्रत्येक श्वानाच्या प्रगतीची दैनंदिनी ठेवावी. पशुवैद्यकाशी संपर्क ठेवावा, कारण अवज्ञा वाटणारे वर्तन कित्येकदा कानाचे वा सांध्याचे दुखणे असते. रेबीजची प्रतिबंधक लस डॉक्टरांच्या सल्ल्याने आधीच टोचून घ्यावी. दंश झाल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन विनाविलंब दवाखाना गाठावा.

तालुक्याच्या गावी पुरेसे ग्राहक मिळणे कठीण असते. त्यासाठी लातूर, नांदेड किंवा त्याहून मोठ्या शहराचा विचार करावा लागेल. म्हणून हाती असलेली शेती वा नोकरी एकदम सोडू नये. पहिल्या वर्षी हे काम जोडधंदा म्हणून करावे आणि उत्पन्नाचा अंदाज आल्यावरच पुढील निर्णय घ्यावा. खोंड औताला लावतानाही पहिल्याच दिवशी कोणी त्याच्याकडून पूर्ण वावर नांगरून घेत नाही. नव्या व्यवसायात पाऊल टाकणाऱ्या माणसानेही स्वतःला तेवढीच सवड द्यावी.